चौथाईची कालवड

आदाउतोने डोळे मिटून चामडी टोपीत हात घातला, तेव्हा कुंपणावर बसलेली माणसं गप्प झाली. टोपीत मक्याचा एक दाणा होता, घेवड्याचा एक, एरंडीची एक बी आणि एक खडा. समोरच्या चार वासरांपैकी एकेकाच्या नावाने एकेक.

बेलार्मिनोच्या कुरणावर गुराख्याला पगार नव्हता. आसपासच्या मालकांनी महिन्याचा पगार सुरू करून कितीतरी वर्षं झाली होती, पण हा म्हातारा आजोबांच्या वेळची चौथाई धरून बसला होता. चार वासरं जगली की एक गुराख्याचं, आणि कुठलं ते गुराख्याचा हात सांगेल. बाकी राहायला खोली, प्यायला दूध, दळायला मका. चांगल्या वर्षी तीन-तीन चौकड्या व्हायच्या. यंदा पावसाने तोंड फिरवलं, गाई निवडुंगाच्या फाका चघळून जगल्या, काही गाभडल्या, आणि जेमतेम एक चौकडी उभी राहिली.

आदाउतोने मूठ उघडली. एरंडी.

"हात्तिच्या! एरंडी म्हंजे करडी कालवड," कुंपणावरून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

हसण्याचं कारण कालवडीच्या पोटाखाली लोंबत होतं. बेंबीच्या जागी संत्र्याएवढा गोळा. दाबला की आत जायचा, सोडला की पुन्हा बाहेर. तिच्याच वळूपासून झालेल्या तांबड्या गोऱ्ह्यालाही तसाच गोळा होता. उरलेली दोन वासरं मात्र धडधाकट, आणि ती आता मालकाची.

"कालवड पायजे होती ना तुला, कोम्पाद्रे?" बेलार्मिनो म्हणाला. "घे. परवासाला निघायचं म्हंतोस, तर देवानं तिच्या पोटाला गाठोडंबी बांधून दिलंय!"

आदाउतोही हसला. हसावंच लागतं. त्याच्या मुलीला, आता लग्न होऊन दूर गेलेल्या मारिनाल्वाला, बाप्तिस्म्याच्या वेळी याच म्हाताऱ्याने हातावर धरलं होतं. तेव्हापासून ते दोघे एकमेकांचे कोम्पाद्रे. ज्याने आपल्या पोरीला देवासमोर धरलं त्याच्याशी माणसाला भांडता येत नाही, आणि हे बेलार्मिनोला आदाउतोपेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं.

प्रवासाची गोष्ट मात्र खरी होती. कितेरियाचा, म्हणजे आदाउतोच्या बायकोचा भाऊ डोंगरापलीकडे सालोआला राहायचा. त्याच्या विहिरीला पाणी होतं आणि एक तुकडा पडीक होता. 'दुभती गाय घेऊन या आणि करा काय करायचं ते,' असा त्याचा निरोप होता. पण दरसाल आदाउतोच्या हाताला गोऱ्हेच लागायचे आणि गोऱ्हा वर्षभराच्या मीठ-साबणात संपून जायचा. यंदा पहिल्यांदा कालवड लागली, ती ही अशी.

कितेरियाने तिचं नाव नेब्लिना ठेवलं. नेब्लिना म्हणजे धुकं, आणि रंग तसाच होता. संध्याकाळी तिने कालवडीच्या पोटाखाली बसून दोन बोटांनी तो गोळा आत सारला. बोटं आतल्या भोकात गेली.

"हे बुजणार न्हाई," ती म्हणाली. "आतडं अडकलं तर एका दिवसात जाईल."

"पट्टा बांधू."

"पट्ट्यानं कातडं सोललं जाईल, भोक हाय तसंच ऱ्हाईल. शहरात ती डॉक्टरीण हाय बघ, झेनाइदे. वासरं फुकट कापतीय म्हंत्यात."

"फुकट का?"

"मला काय ठाऊक? इचार जाऊन."

आदाउतो दुधाच्या गाडीतून शहरात गेला आणि विचारून आला. डॉक्टर झेनाइदे भुलीची दोन औषधं ताडून बघत होती. वासराला आडवं पाडून झोपवायचं तर कुठलं औषध बरं, कशाने वासरू शांत पडतं, कशाने श्वास नीट राहतो, कशातून लवकर उठतं, हे तिला बघायचं होतं. म्हणून ऑपरेशन फुकट. पण तिला जोडी हवी होती. एका वळूची, एका वयाची, एकाच दुखण्याची दोन वासरं. एकाला हे औषध, दुसऱ्याला ते. एकटं वासरू ती घेणार नव्हती.

म्हणजे तांबडा गोऱ्हा हवा, आणि तांबडा गोऱ्हा मालकाचा.

बेलार्मिनो झुल्यात पडून तंबाखू चोळत होता. आदाउतो टोपी हातात घेऊन पायरीखाली उभा राहिला. म्हाताऱ्याने त्याला सगळं दोनदा सांगायला लावलं. एकदा ऐकायला, एकदा मजा घ्यायला.

"म्हंजे तुजी कालवड बरी करायला माजा गोऱ्हा पायजे."

"तुमचाबी बरा हुईल, मालक. बाजारात गोळ्याचं वासरू कोण घेतंय?"

"फुकट म्हंतोस?"

"फुकट."

"ने मग. पण आदी कालवडीला तुजा डाग देऊन घे. लोखंड हाय ना तुज्याकडं?"

आदाउतोकडे मालकीची खूण डागायचं त्याच्या बापाचं लोखंड होतं. पण डागायचं तर वासराला दोराने आपटून पाडावं लागतं, वर गुडघा रोवावा लागतो, आणि तो गोळा फुटला तर सगळंच संपलं. "शिवून आल्यावर देतो," तो म्हणाला.

"तुजी मर्जी. पण डाग पडेस्तोवर चौकडी उघडी असती, कवाबी मोडती, इसरू नगंस."

"न्हाई इसरत, मालक."

आठवड्याभराने, ठरलेल्या दिवशी पहाटे कितेरिया धार काढत होती. आदाउतो दोन्ही वासरांना दोर लावत होता. त्यांना आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवलं होतं आणि ती हंबरून जीव खात होती. मध्येच तांबडा गोऱ्हा खोकला. ओला, खोल खोकला. मान लांब करून पुन्हा खोकला.

कितेरियाचे हात थांबले. "कवापास्नं?"

"काल परवापास्नं. धुरळा लई हाय."

"आदाउतो, हा धुरळ्याचा न्हाई."

"मग काय करू?" तो एकदम तडकला. "सांगू तिला? सांगितलं तर गोऱ्हा परत पाठवंल. गोऱ्हा परत म्हंजे जोडी मोडली. जोडी मोडली की आपली कालवड बी परत. पुन्यांदा कवा बलवंल? तवर हिचं आतडं थांबतंय व्हय?"

कितेरियाने पुन्हा सडाला हात घातला. मला तिचा राग येत नाही. त्या सकाळी त्या गोठ्यात मी असतो तर मीही गप्प बसलो असतो.

दुधाच्या गाडीत किटल्यांच्या दाटीत दोन्ही वासरं कोंबून आदाउतो शहरात पोचला. इस्पितळाच्या मागे सिमेंटचं अंगण होतं. डॉक्टर झेनाइदे रबरी बूट घालून आली, उंच, घाईची बाई. नळी कानाला लावून तिने दोन्ही वासरांच्या छात्या ऐकल्या. गोऱ्ह्याच्या छातीवर ती जरा जास्त थांबली.

"याला धाप लागलीय. खोकतो का हा?"

"न्हाई बाई. गाडीत घाबरलाय."

"शेंबूड? ताप? खाणं कमी?"

"धड हाय बाई. कालपास्नं उपाशी, म्हून."

तिने त्याच्याकडे पाहिलं. आदाउतोने गोऱ्ह्याच्या पाठीवर थाप मारली, आणि देवाच्या कृपेने म्हणा किंवा अवकृपेने म्हणा, गोऱ्हा खोकला नाही. ताप पाहिला तर थोडा वर होता, पण ऊन होतं, गाडीचा प्रवास होता. "बरं," ती म्हणाली.

अंगणात थांबल्या थांबल्या आदाउतोला दारातून आधीची जोडी दिसली. पहिल्या वासराच्या मानेच्या शिरेत पाण्यासारखं औषध गेलं. ते पडलं, पण पाय ताठ, डोळे टक्क उघडे, जीभ चाळवत होती. दुसऱ्याला दुधासारखं पांढरं औषध दिलं. ते आईच्या कुशीत पोर पेंगावं तसं गुडघ्यांतून विरघळलं, पापणी मिटली आणि झोपलं. गुरांमध्ये जन्म गेलेल्या माणसाला उघडा डोळा म्हणजे जागं जनावर. जागं जनावर पोट फाडताना बघतंय, असंच आदाउतोला वाटलं.

तो डॉक्टरणीच्या मागे गेला. "बाई, माजीला पांढरं द्या."

"तुमची कुठली?"

"करडी. गोऱ्हा मालकाचा हाय. त्याला ते पान्यावानी द्या. त्यो दांडगा हाय."

डॉक्टरीण हसली नाही, हे तिचं चांगलं. "हे बघा, उघड्या डोळ्यांनीही ती झोपलेलीच असते. तिला काही कळत नाही. केटामिन म्हणतात त्याला, जुनं औषध आहे, खात्रीचं. पांढरं ते प्रोपोफॉल. झोप छान लागते, पण कधी कधी श्वास थांबवतं. प्रत्येकात काही ना काही आहे. आणि मी निवडायला लागले तर माझ्या हातून गुबगुबीत वासराला एक जाईल, मरतुकड्याला दुसरं. मग मला काय कळणार?"

"मग कोन निवडतंय?"

"चिठ्ठी. बंद पाकिटात आधीच घालून ठेवलीय. यंत्राने काढलेली."

"यंत्रानं काढली तर बरं," आदाउतो म्हणाला. "माज्या हाताला कायबी धड लागत न्हाई."

पाकीट फोडलं. करडीला पाण्यासारखं, तांबड्याला पांढरं. आदाउतोने डोळे मिटून घेतले. यंत्राचा हातही बेलार्मिनोच्याच बाजूचा निघाला.

आधी नेब्लिना. मानेत गुंगीची सुई टोचली, ती डुलायला लागली, मग शिरेतून औषध गेलं आणि ती आदाउतोच्या मांडीवर आडवी झाली. डोळे उघडेच. एका डोळ्यातून पाणी गळत होतं. घशात नळी घातली, पोट भादरलं, धुतलं. "हाय मी, हाय मी," तो तिच्या कानात म्हणत राहिला. सुरी फिरली तेव्हा तिच्या कानाची पाळीसुद्धा हलली नाही. फक्त ती बुबुळं मागेपुढे सरकत होती. डॉक्टरणीने गोळा आत सारला, भोकाच्या कडा जाड दोऱ्याने ओढून शिवल्या, वर कातडं शिवलं. आदाउतोच्या सदऱ्याची पाठ भिजून गेली होती.

अंगणात गवतावर टेकवल्यावर नेब्लिनाने थोड्या वेळाने डोकं उचललं, पडली, पुन्हा उचललं. मग मागचे पाय खाली घेतले आणि उभी राहिली. वेड्यासारखी, चारी पाय फाकवून, पण उभी! आदाउतोला हसू आवरेना. तिचं नाक दोन्ही हातांत धरून त्याने मुका घेतला, आणि शेजारी हात धूत असलेल्या माणसाला काही ओळख-पाळख नसताना सांगितलं, "सालोआला नेणार हिला."

मग गोऱ्हा. पांढरं औषध शिरेत गेलं. तो अलगद खाली बसला, मान टाकली, डोळे मिटले. बघणाऱ्याला हेवा वाटावा अशी झोप.

छाती हलेना.

"येईल परत," डॉक्टरीण शांतपणे म्हणाली. "याचं हे ठाऊक आहे आपल्याला." तिने नळी घातली, पिशवी जोडली आणि दाबायला लागली. छाती फुगली. मग नळीतून बुडबुडे आले, पिवळा, घट्ट फेस. ती एकदम थांबली. "हे काय?" फेस ओढून काढला, पुन्हा दाबली. पुन्हा फेस.

आदाउतो दाराशी उभा होता. त्याला तो ओला खोकला आठवला. आणि त्याच्या पाठोपाठ मालकाची ती न डागलेली, उघडी चौकडी आठवली, त्यासरशी तो ओरडलाच आणि गोऱ्ह्याच्या बरगड्यांपाशी गुडघे टेकून बसला. अडल्या गाईच्या वासराला धरतात तसं त्याने त्याचं डोकं खाली केलं, नाकपुड्यांत बोटं घालून फेस काढला, दोन्ही तळव्यांनी छाती दाबली, सोडली, दाबली. "ऊठ," तो म्हणत होता. "ऊठ रं, ऊठ. मरू नगंस. माज्यासाटी तरी मरू नगंस." डॉक्टरीण पिशवी दाबत होती, तो छाती दाबत होता. बराच वेळ. शेवटी तिने गोऱ्ह्याच्या डोळ्याला बोट लावून पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"फुप्फुस आधीच खराब असणार," ती म्हणाली. मग आदाउतोच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "मालकाच्या वासरासाठी कोणी एवढं करत नाही हो."

आदाउतोने मान वर केली नाही.

परतीच्या गाडीत मागे एक वासरू उभं होतं आणि एक कांबळ्याखाली होतं. कितेरिया फाटकाशी आली. तिने नेब्लिनाच्या पोटाखाली वाकून पाहिलं, तोंड उजळलं, मग तिला कांबळं दिसलं. ती आदाउतोकडे बघत राहिली, आणि तोही बघत राहिला. दोघांच्याही तोंडून ती एकच गोष्ट निघेना.

ती बेलार्मिनोच्या तोंडून निघाली. तो काठी टेकत आला, कांबळं उचलून पाहिलं, टोपी काढून क्रूसाची खूण केली. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही.

"तीन ऱ्हायली, कोम्पाद्रे," तो म्हणाला. "तिनाची चौकडी हुत न्हाई."

"मालक, हात घातला हुता मी. सगळ्यांनी बघितलं."

"घातला हुतास. डाग दिला हुतास का?"

आदाउतोने कालवडीच्या कोऱ्या मांडीकडे पाहिलं.

"मी म्हनलं हुतं, डाग देऊन घे. म्हनलं हुतं का न्हाई?"

"म्हनलं हुतं."

"मग. पुढल्या साली तिला धरून मोजू. तुज्या नशिबात असंल तर तुज्याच हाताला लागंल परत." आणि जाता जाता वळून, "शिवणीला माशी बसू देऊ नगंस. जप तिला. आता ती..." पुढचं त्याने बोलून दाखवलं नाही. चांगला माणूस म्हणायचा.

आदाउतो तिला जपत राहिला. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्याने शिवण धुवायची, औषध लावायचं, धुरी द्यायची. दुसऱ्याच्या कालवडीला आपल्या चुलीवरचं पाणी. कितेरियाने पाणी तापवलं, पण ती गोठ्यात आली नाही. रात्री मक्याचा वाफवलेला कुस्कुस आणि कॉफी पुढे ठेवून ती पाठ फिरवून बसायची. "भांड की," एकदा आदाउतो म्हणाला. "भांडू कुनासंग?" ती म्हणाली. "त्याच्यासंग भांडायचं तर त्यो कोम्पाद्रे. तुज्यासंग भांडायचं तर मीबी गप्पच बसले हुते."

टाके काढायला डॉक्टर झेनाइदे स्वतःची गाडी घेऊन आली. तिने नेब्लिनाचं पोट चाचपलं, जखम बघून खूश झाली. बेलार्मिनो खुर्ची मागवून मांडवात बसला होता.

टाके काढून झाल्यावर ती उभी राहिली, पण निघेना. "एक विचारायचं होतं," ती आदाउतोला म्हणाली. "पांढऱ्या औषधावर माझं ते एकच वासरू गेलं. एकावरून काही ठरत नाही, पण ते मोजावं लागतं. औषधाने गेलं असेल तर पुढच्या वासरांना ते द्यायचं की नाही, विचार करावा लागेल. आधीच आजारी असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही त्या दिवशी सांगितलंत, पण पुन्हा विचारते. खोकत होता का तो?"

आदाउतोने मालकाकडे पाहिलं नाही, पण मालक बघतोय हे त्याच्या पाठीला कळत होतं.

"न्हाई बाई," तो म्हणाला.

"खोकत हुता."

कितेरिया खोलीच्या दारात उभी होती, झग्याला हात पुसत. "दोन दिस खोकत हुता. ओला खोकला. आमाला ठाऊक हुतं. जोडी मोडंल म्हून सांगितलं न्हाई." आणि मग सरळ बेलार्मिनोकडे बघून, "तुमचा गोऱ्हा आमी मारला, मालक. हाकला आमास्नी."

एवढं स्पष्ट त्या कुरणावर कुणी कधी बोललं नव्हतं. आदाउतोच्या हातातला दोर गळाला. डॉक्टरणीने तोंड दुसरीकडे केलं. आणि आदाउतोच्या मनात, भीतीच्याही खाली, एक हलकी गोष्ट उठली. आता हाकलेल. आता सुटलो.

बेलार्मिनोने तंबाखूची गोळी गालात फिरवली. "हाकलू?" तो म्हणाला. "पोरीला देवाफुडं धरलं मी तुमच्या. दुसरा असता तर पोलीस बलवलं असतं. मी न्हाई. बघा डॉक्टरीणबाई, असं सांबाळतो मी मानसं." मग आदाउतोला, अगदी मायेने, "येत्या चौकडीत हात घालायचा न्हाई, बास. गोऱ्ह्याच्या जागी त्ये. माज्या मनात कायबी न्हाई, कोम्पाद्रे. माफ केलं."

आदाउतोने टोपी काढली. अशा वेळी जे म्हणतात ते त्याच्या तोंडून आपोआप आलं, "देव भलं करो तुमचं, मालक."

कितेरिया त्याच्याकडे बघत राहिली.

"आता शिवण बरी हाय ना?" बेलार्मिनोने डॉक्टरणीला विचारलं. "मग डाग देऊन घेऊ आजच. पुन्यांदा घोळ नगं. कोम्पाद्रे, जाळ कर. माजं लोखंड आत हाय."

आदाउतोने लाकडं आणली. जाळ धरला, लोखंड निखाऱ्यात सरकवलं. त्याने नेब्लिनाला आपटलं नाही, पोटाला धक्का लागू नये म्हणून हळूहळू कुशीवर घेतलं, पाय बांधले आणि मानेवर मांडी टाकून बसला. तेवढ्यात कितेरिया आली. हातात पिशवी होती, लहानशी.

"बाई मला सालोआच्या फाट्यावर सोडत्यात," ती म्हणाली. "चल."

"गाय न्हाई आपल्याकडं."

"हात हायेत. चल, आदाउतो."

"हिला सोडून कसा येऊ? बांधलीय हिला. शिवण कच्ची हाय अजून. उटून धडपडली तर..."

"ती तुजी न्हाई," कितेरिया म्हणाली.

त्याला ठाऊक होतं. पण मांडीखाली कालवडीचा श्वास वर-खाली होत होता, आणि तो उठला असता तर ती दोरांसकट उसळली असती. कितेरिया थोडी थांबली. मग फाटकाकडे चालायला लागली. गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला. आदाउतोला मान वळवून बघायचं होतं, पण मान वळवली तर हात सुटतो.

"काय बघतोस?" बेलार्मिनो खुर्चीतून म्हणाला. "लोखंड तापलंय. घे."

गाडी सुरू झाली. आदाउतोने एका हाताने नेब्लिनाचं डोकं जमिनीला धरलं, दुसऱ्या हाताने लोखंड उचललं आणि बेलार्मिनोचा डाग दिला. या वेळी ती पूर्ण जागी होती.